पांढरीवरचा मुक्काम

रविवार, ८ फेब्रुवारी १९९८
धावडा

आजपासून आमची नवी नोकरी सुरू झाली. नोकरी माझी एकट्याची, पण आमची म्हणतो, कारण उषाला सोबत न्यायचं अशी मूलचंदसेठची अटच होती. एकतीस वर्षं एस.टी. हाकली, अर्ध्या मराठवाड्यातल्या बायकांना माहेरी पोचवलं, पण स्वतःच्या बायकोला मागं बसवून कुठं नेलं नाही, हे ती मला वर्षातून दोनदा तरी ऐकवत आली. आता तिला दुसरं काहीतरी शोधावं लागेल.

सेठ जालन्याचे बियाण्याचे व्यापारी. दोन वर्षांमागं अजिंठ्याला गेले असताना त्यांना एक गोरं जोडपं दिसलं. ते मोटारीतच राहत होतं, तिच्यातच स्वयंपाक, तिच्यातच झोप. ते खूळ सेठच्या डोक्यात बसलं. त्यांनी लिलावातली जुनी एस.टी. घेतली आणि एमआयडीसीतल्या एका शेडमध्ये नेऊन तिची बाकडी काढायला लावली. आता आत सहा बिछाने आहेत, दोन्हीकडं तीन-तीन, प्रत्येकाला आपली खिडकी. गॅसची शेगडी आहे, पाण्याची टाकी आहे, उषाच्या पसंतीचे पडदे आहेत. बाहेर लिहिलंय 'फिरतं घर'. अशा चार गाड्या करायच्या आणि लेणी पाहायला येणाऱ्यांना अजिंठ्याच्या डोंगरात, झाडीत, पाण्याजवळ मुक्काम द्यायचा, असा सेठचा बेत आहे. मुक्कामाची जागा मी निवडायची. आठ-दहा दिवस स्वतः राहून बघा, मंग बिलकुल खरं काय ते सांगा, असं त्यांनी बजावलंय. ही डायरीही त्यांचीच, पानोपानी कापसाच्या बोंडाचं चित्र असलेली.

घंटीची दोरी मात्र मी काढू दिली नाही. एक टोला थांबा, दोन टोले चला. उषा मागं बसून भोकरदनपर्यंत उगाच टोले देत आली. दोन टोले आले की माझा पाय आपोआप क्लचवर जातो, हे तिला ठाऊक आहे.

सकाळी घराला कुलूप लावताना ती बंद दाराला 'येतो हं' म्हणाली. एरवी येतो मी म्हणायचो आणि ती उंबऱ्यात उभी राहून 'या' म्हणायची. कधी घाईत म्हणायचं राहिलं तर शेजारच्याला डेपोपर्यंत पिटाळून मला परत बोलवायची. आज दोघंही निघालो, तेव्हा 'या' म्हणायला घरात कुणी उरलं नाही. याची तिला बरीच वेळ चुटपुट लागून राहिली होती.

धावड्यात कडूबा नावाचा शेतकरी सेठच्या ओळखीचा आहे. त्याच्या खळ्यात गाडी लावली आहे. त्याच्या आईनं, गोजरबाईनं, भाकरी आणि हरभऱ्याची ओली भाजी दिली. म्हातारी नव्वदीची आहे, पण कान शाबूत. उषाशी तिचं लगेच जमलं.

सोमवार, ९ फेब्रुवारी

आज कडूबाबरोबर तीन जागा पाहिल्या.

पहिली तलावाच्या काठची. पाणी मुबलक, पण सावली नाही आणि जमीन भुसभुशीत. आठ टनांची गाडी एकदा रुतली की बैल लावायची वेळ येईल. दुसरी डांबरी सडकेला लागून, पळसाच्या झाडांत. पळस नुकता फुलायला लागलाय, दिसायला फार सुंदर. पण दर पाच मिनिटांनी ट्रकचा हॉर्न वाजतो. पैसे मोजून तो ऐकायला कोण येणार?

परत निघालो तर मला डावीकडं एक जुनी गाडीवाट वर चढताना दिसली. कडूबा म्हणाला, तिकडं कायी न्हाई साहेब, नुसतं रान हाये. ड्रायव्हरला रस्ता दिसला की त्याला तो बघावाच लागतो. मी चालत राहिलो, उषा माझ्यामागं आणि कडूबा सगळ्यात शेवटी, कुरकुरत.

अर्ध्या-पाऊण तासानं साग संपला आणि एक मोठं धावड्याचं झाड लागलं, गावाला ज्याचं नाव आहे ते. त्याच्यापलीकडं मोकळी जागा. सपाट, कोरडी, चारी बाजूंनी झाडीचं कुंपण, मागं डोंगर, खाली झऱ्याचा आवाज. चार काय, दहा गाड्या मावतील. आजूबाजूची माती तांबूस आणि तिथली तेवढी पांढरट, पिठासारखी मऊ. गवताची काडी नाही. उषा मधोमध जाऊन उभी राहिली आणि म्हणाली, इथं कुणीतरी रोज झाडून घेतंय असं वाटतं. मला ते खरंच पटलं.

कडूबा झाडाच्या पुढं आला नाही. निघताना त्यानं त्या मोकळ्या जागेकडं तोंड केलं आणि मोठ्यानं म्हणाला, जातो. मी त्याला तिथंच झापलं. जातो म्हणतात का कधी? काही रीतभात? त्यानं मान खाली घातली. मग मीच हसत त्या जागेला 'येतो' म्हणालो, उषानंही म्हटलं, आणि आम्ही फिरलो.

मागून कुणीतरी 'या' म्हणालं. मला वाटलं उषानं सवयीनं म्हटलं. तिला वाटलं मी थट्टा केली. कडूबा तोवर बराच पुढं निघून गेला होता.

मंगळवार, १० फेब्रुवारी

गाडी वर आणली. वाट जुनी असली तरी पक्की आहे, चढणीला दुसऱ्या गिअरवर सहज आली. माझ्या मते सेठची जागा सापडली.

दिवसभर कामं. दगड लावून चाकं अडवली, झऱ्यावरून पाणी आणलं, उषानं दारासमोर सडा घातला. दुपारी दोघं झाडाखाली बसून जेवलो. लग्नाला छत्तीस वर्षं झाली आणि असं निवांत आम्ही पहिल्यांदाच जेवत होतो. तिच्या तोंडावरचा आनंद पाहून मला माझीच लाज वाटली. हे आधीच करायला हवं होतं.

एकच गोष्ट चमत्कारिक. आम्ही झोपायला दोनच बिछाने वापरणार म्हणून उषानं बाकीचे चार नीट अंथरून ठेवले होते. संध्याकाळी चहाला आत गेलो तर चारही चुरगळलेले. उषा म्हणाली, तुम्हीच लोळला असाल. मी लोळलो नव्हतो.

बुधवार, ११ फेब्रुवारी

सकाळी कडूबा दूध घेऊन आला. धावड्याच्या झाडापाशीच थांबला, मी जाऊन घेतलं. गाडी इथं आणली म्हणून त्याचा चेहरा उतरलेला दिसला. म्हणाला, मायनं इचारलंय, तुम्ही येतो तर न्हाई ना म्हणले इथं? मी म्हणालो, म्हणालो की, माणसासारखी माणसं आम्ही. जाताना पुन्हा ते त्याचं 'जातो'.

दहाच्या सुमाराला किराणा आणायला धावड्याला निघालो. सरळ उतार आहे, चुकायला फाटा नाही. पाऊण तास चाललो, धावड्याचं झाड लागलं, आणि समोर आमची गाडी. उषा दारात भाजी निवडत होती. किराणा कुठं, म्हणाली.

वळण चुकलं असेल म्हणून परत निघालो. या वेळी बुटाच्या टाचेनं जागोजागी खुणा करत गेलो. त्याच खुणा मला पुढं चालताना उलट्या क्रमानं एकामागून एक दिसत गेल्या, पार गाडीपर्यंत, पण मी परत फिरलोच नव्हतो. एकतीस वर्षांत रस्ता चुकलो नाही, हे मी छातीवर हात ठेवून सांगतो.

बिछाने पुन्हा चुरगळलेले. या वेळी हात लावून पाहिलं. चारही गरम होते. आणि एक वास, बंद खोलीत आजारी माणूस फार दिवस पडून असला की येतो तसला.

गुरुवार, १२ फेब्रुवारी

गाडी घेऊन निघालो. उषानं मागून दोन टोले दिले. वाट उतरलो, सागातून गेलो, डांबरी सडक आता दिसेल, आता दिसेल, आणि झाड आलं. गाडी पांढऱ्या मातीत येऊन उभी राहिली. अगदी परवाच्या चाकांच्या खुणांवर. तीनदा केलं. डिझेल अर्ध्यावर आलं तेव्हा बंद केलं.

मी घाबरलोय. लिहून ठेवतो, कारण उषाला सांगायचं नाही.

दुपारी ती सहा पेल्यांत पाणी ओतून ठेवत होती. सहा कशाला? ती म्हणाली, इतकी माणसं आहेत, घसा कोरडा पडलाय बिचाऱ्यांचा. मी मोठ्यानं विचारलं, कोणती माणसं? ती माझ्याकडं बघत राहिली, आणि मग तिला स्वतःलाच काही आठवेना. रडली. तिचा हात धरला तर चटका बसला.

शुक्रवार, १३ फेब्रुवारी

उषाला ताप. काखेत गाठ आहे, लिंबाएवढी. हात लावू देत नाही.

सकाळी कडूबानं गोजरबाईला पाठंगुळी मारून आणलं. म्हातारी झाडापाशी बसली आणि तिथूनच सांगत राहिली. तिचं सांगणं जसंच्या तसं लिहितो.

हे गाव व्हतं, लेकरा. पांढरी माती दिसत न्हाई का तुला? मान्सं नांदल्याबिगर माती पांढरी व्हत न्हाई. माझ्या सासूच्या लहानपणी, निजामाच्या टायमाला पिलेग आला. धडधाकट मान्सं रानात झोपड्या करून राह्यली. काखेत गाठी आलेले घरातच पडून. उचलून नेणार कोन? पर निघताना कुनाच्या तोंडून जातो निघंल का? बायकोला, मायला, लेकराला, समद्यांनी येतो म्हनलं. पानी ठिवलं उशाला अन् येतो म्हनलं. पडलेल्यांनी या म्हनलं. एक सुदा मागं फिरला न्हाई. आमचीबी मान्सं व्हती त्यात. तवापून तिथं येतो कुनी म्हनत न्हाई. म्हनला की त्येंला वाटतं, आपलं मानूस आलं.

शेतकऱ्याच्या घरात जन्मलो. पांढरी म्हणजे गावाची जमीन, हे मला शाळेत जायच्या आधीपासून माहीत. डोळ्यांनी पाहिलं, या डायरीत लिहिलं, आणि डोक्यात शिरलं नाही.

उपाय विचारला. ती म्हणाली, त्या जागेकडं तोंड करून जातो म्हनायचं आन् सुटायचं. ज्याचं त्यानं म्हनायचं. दुसऱ्याचं म्हनून चालत न्हाई.

एवढंच? मला हसू आलं. धावत उषाकडं गेलो.

शनिवार, १४ फेब्रुवारी

ती म्हणत नाही.

काल दुपारपासून विनवतोय. आधी म्हणाली, कुंकू लावणाऱ्या बाईनं असं बोलू नये. मग म्हणाली, यांना कसं म्हणू, बघा तरी कसे बघतायत. आता ताप इतका की मी जे शिकवतो त्याच्या उलटंच तोंडून येतं. म्हण, जाते. येते. जाते म्हण, उषा. येते.

कडूबानं भोकरदनहून डॉक्टर आणला. झाडापाशी दोघं उभे होते, माझ्यापासून दहा पावलांवर. मी हाका मारल्या. डॉक्टर माझ्यातून पलीकडं बघत कडूबाला विचारत होता की गाडी कुठाय. कडूबा रडत होता. त्यालाही आज मी दिसत नव्हतो. दुधाचा तांब्या खाली ठेवून ते गेले.

रविवार, १५ फेब्रुवारी

सकाळपासून विचार करतोय. ती उठू शकत नाही. उचलून नेलं तर वाट मला परत आणते. मी एकटा सुटलो तर डॉक्टरचा हात धरून आणीन. वाट मला पाठ आहे. डोळे मिटून आणीन.

म्हणजे मला निघताना तिच्यासमोर म्हणावं लागेल.

त्या लोकांनीही असाच विचार केला असेल. पाणी ठेवू, मदत आणू.

पाण्याचा पेला तिच्या उशाला ठेवला. तिनं डोळे उघडले, निघालात का म्हणाली, आणि मान थोडी वर केली. या म्हणायला तिचे ओठ उघडले होते. छत्तीस वर्षं बघितलेले ओठ.

मी जातो म्हणालो.

तिचं 'या' ओठांतच राहिलं. माझ्याकडं बघत राहिली. मी तिथून पळालो.

पाऊण तासात धावड्यात होतो.

सोमवार, १६ फेब्रुवारी

डॉक्टर, कडूबा, जंगलखात्याचे दोघं, गावातले पंधरा जण. गाडीवाटच नाही. मी जिथं दाखवली तिथं जुनाट साग उभा आहे. दिवसभर फिरलो. झाड नाही, झरा नाही, पांढरी माती नाही.

गोजरबाईला विचारलं. ती म्हणाली, जातो म्हनला ना तू. मंग परत वाट कशी घावंल? मी ओरडलो, हे आधी का नाही सांगितलं. ती म्हणाली, मला काय म्हाईत तू तिला ठिवून येशील.

बुधवार, १८ फेब्रुवारी

जालन्याला सेठना फोन केला. त्यांनी आधी गाडीचं विचारलं. मग म्हणाले, बाईसाब कुठे आहेत. मी फोन ठेवून दिला.

आजही सापडलं नाही. फाट्यावर एक माणूस एस.टी.त चढताना बायकोला येतो म्हणाला. ती या म्हणाली. मी तिथंच खाली बसलो.

तिच्या उशाचं पाणी संपलं असेल.

शुक्रवार, २० फेब्रुवारी

कडूबा सकाळी शेतात गेल्यावर निघालो. गोजरबाईनं ओळखलं. नको म्हणाली, हात धरला. सोडवून घेतला. तिला काही म्हणालो नाही, न येतो, न जातो.

अकरा वाजलेत. जिथं गाडीवाट होती तिथं उभा आहे. समोर साग. ऊन चांगलं आहे, सगळं स्वच्छ दिसतंय. डायरी झाडाला टेकवून लिहितो.

मला सुटायचं नाही. तिला एकटीला ठेवायचं नाही, एवढंच.

म्हणालो. मोठ्यानं म्हणालो — उषा, येतो.

काही नाही —

आता. या म्हणाली. तिचाच आवाज —

वाट आहे. सागातून — चाललोय, चालता चालता लिहितो — धावड्याचं झाड — गाडी आहे. देवा, गाडी आहे. उषा दारात उभी — घंटीची दोरी हातात — हसते —

पण खिडक्या — सहाही खिडक्यांत —

पडदे सारून बघतायत. दोन-दोन, तीन-तीन. मांडीवर पोरं. बोचकी बांधून. माझ्याकडंच. रागानं नाही — फार दिवसांनी घरचं माणूस आल्यावर जसं —

सगळे बोलले. एकदम. या —

दोन टोले. माझा पाय —

कुणी उतरत नाही. सगळे बसलेत. दारात उषा मला जागा करून — आत ड्रायव्हरची सीट तेवढी रिकामी —